निळ्या दिव्यावरची चिकटपट्टी

"ताई, त्या श्रीधरकाकांना कॉम्प्युटरच्या निमित्तानं आतल्या खोलीत घेत जाऊ नका. माणूस बरा नाय."

वेणूबाई हे म्हणाल्या तेव्हा पोळ्या लाटत होत्या, आणि मी आठ महिन्यांच्या शंभूला मांडीवर घेऊन नाचणीची पेज भरवत होते. त्या आमच्याकडे स्वयंपाक करतात आणि समोरच्या इमारतीत श्रीधरकाकांकडे केर-फरशी करायच्या. दिवाळीच्या सुट्टीवरून त्यांचं आणि काकांचं वाजलं होतं, हे मला माहीत होतं. म्हणून मी शहाण्यासारखं म्हटलं, "वेणूबाई, रागाच्या भरात कुणाबद्दल असं बोलू नये." त्यांनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "बरं." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मला वाटलं, किती नीट समजावलं मी.

आजही ते आठवलं की स्वतःची शिसारी येते.

आमच्या घरी कॉम्प्युटर होता तो झोपायच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. लॉकडाऊनमध्ये माझ्या नवऱ्याने, विश्वजीतने, तो घेतला होता, कॅमेऱ्यासकट. नंतर त्याला ऑफिसने लॅपटॉप दिला आणि हा माझ्याकडे आला. मी घरून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. दुपारी शंभूला पाजून झोपवताना कॉम्प्युटरवर गाणी लावून ठेवायचे. विश्वजीत हिंजवडीला. धायरीहून सकाळी साडेसातची बस, परत यायला नऊ. नवरा आयटीत म्हटल्यावर सगळ्यांना वाटतं घरचा कॉम्प्युटर कसा पळत असेल. तो पळत नव्हता. मधेच निळा पडदा यायचा, मधेच गाणं अडकायचं, मग "सिस्टीम फाइल्स खराब झाल्या आहेत" अशा अर्थाचं काहीतरी. विश्वजीतला सांगितलं की उत्तर ठरलेलं, "शनिवारी बघतो." दिवसातले दहा तास हेच करणाऱ्या माणसाला शनिवारी ते बघायचं नसतं, हे मला कळतं. पण त्यामुळेच सासूबाई श्रीधरकाकांना बोलवायच्या.

श्रीधरकाका कुठल्याशा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा परदेशात. सोसायटीतल्या अर्ध्या घरांचे कॉम्प्युटर, मोबाइल, टीव्हीचे रिमोट ते फुकट नीट करून द्यायचे. फक्त एक कप चहा. खिशात बडीशेपेची डबी, बोटांना सतत बडीशेप. ते उठून गेले की कळफलकाच्या फटींत बडीशेपेचे दाणे राहायचे आणि मी ते टोकदार काडीने काढत बसायचे. तेव्हाही किळस यायची, पण फुकट काम करून देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल किळस वाटणं मलाच बरं वाटायचं नाही.

"काय म्हणतंय मशीन, सूनबाई?" असं म्हणत यायचे. पाऊण तास काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करायचे, पुन्हा सगळं चालू व्हायचं. दहा-बारा दिवस बरे जायचे आणि परत तेच. एकदा त्यांनी कॅमेऱ्याशेजारच्या बारीकशा दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. म्हणाले, बाळाच्या डोळ्यांवर उगाच निळा उजेड पडतो. सासूबाई भारावून म्हणाल्या, "बघ, आपल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं." माझ्याही नव्हतं. मी त्यांना दुसरा कप चहा दिला.

मार्चमध्ये पुन्हा निळा पडदा आला. नेमके त्या आठवड्यात काका नातेवाइकांकडे नाशिकला गेले होते, आणि माझी दोनशे पानं शुक्रवारी द्यायची होती. मग मी मोबाइलवर वाचून स्वतःच करायचं ठरवलं. वाटत होतं तितकं अवघड नव्हतं. काळी खिडकी उघडायची, एक छोटा हुकूम टाइप करायचा, की मशीन आपल्याच सगळ्या फाइल्स एकेक करून तपासतं. टक्के वाढत जातात. पोह्यांना वाफ आणायला ठेवावी तसं लक्ष ठेवून बसायचं. पहिल्यांदा उत्तर आलं की खराब फाइल्स सापडल्या, पण काही दुरुस्त होत नाहीत. मग दुसरा हुकूम, मशीन बंद करून चालू, पुन्हा पहिला. तिसऱ्या खेपेला सगळ्या दुरुस्त झाल्याचं आलं. मी शंभूचा पापा घेतला.

त्या लेखात खाली लिहिलं होतं की फाइल्स पुन्हा पुन्हा खराब होत असतील तर कारण शोधा, आणि पहिलंच कारण होतं, चालू कॉम्प्युटरची वीज थेट बंद करणं.

आमच्याकडे हे रोज व्हायचं. सासूबाई खोलीतून जाता जाता भिंतीवरचं बटण खटकन बंद करायच्या. पंखा, दिवा, कॉम्प्युटर, सगळं एका रांगेत. मी त्यांना विचारलं, की अशी सवय कधीपासून? त्या थोड्या दुखावल्या. म्हणाल्या, "दिव्या-पंख्याची माझी जुनी आहे. कॉम्प्युटरचं मी घाबरत होते, पण श्रीधरभाऊ म्हणाले, बेशक बंद करा वहिनी, उलट मशीनला आराम मिळतो. तुमच्यासारखी काटकसर सगळ्यांनी केली पाहिजे म्हणाले."

मी ऐकलं आणि आधी त्यांच्यावरच चिडले. मनात म्हटलं, कसलं कौतुक घेऊन बसल्या. मग लक्षात आलं, की जो माणूस पाऊण तास त्या फाइल्स दुरुस्त करतो त्याला त्या कशाने बिघडतात हे माहीत नसेल? बिघडवायला तोच सांगतो आणि नीट करायलाही तोच येतो. पण का? पैसे तर घेत नाही.

काका रविवारी परत आले. बुधवारी दुपारी शंभू माझ्या मांडीवर पीत होता आणि मी एका हाताने त्या लेखातली पुढची पायरी करत होते, मशीन चालू झालं की आपोआप काय काय चालू होतं त्याची यादी बघणं. यादीत एक नाव ओळखीचं नव्हतं. शोधलं तर दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम. विश्वजीतने टाकला असेल, असं वाटलं. त्याच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल होती, ती उघडली.

एकाखाली एक ओळी. तारीख, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, आणि समोरच्या मशीनचं नाव. दुपारी १.३४ ते २.५१. दुपारी १.४० ते २.२२. नाव सगळीकडे एकच, इंग्रजीत, श्रीधर आणि पुढे एक आकडा. नाशिकचा आठवडा कोरा. सत्तावीस ओळी होत्या. सगळ्या माझ्या पाजायच्या वेळेच्या.

शेवटच्या ओळीत आजची तारीख होती आणि १.३८. संपल्याची वेळ नव्हती.

मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. पावणेदोन होत होते. मी माउसला हात लावला नव्हता, माझा हात शंभूच्या डोक्याखाली होता. आणि पडद्यावरचा बाण हळूच सरकला, त्या फाइलच्या कोपऱ्यावर गेला आणि फाइल बंद झाली.

पदर ओढला, पुढे वाकले आणि नखाने ती चिकटपट्टी खरवडली. खाली, कॅमेरा चालू असला की पेटतो तो निळा दिवा लखलखीत पेटलेला होता. भिंग उघडं होतं, ते पहिल्यापासून उघडंच होतं. त्याने झाकला होता तो फक्त दिवा. बाळाच्या डोळ्यांसाठी.

मी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

त्यानंतर अर्धा तास मी बाथरूममध्ये होते. पाणी घेतलं, साबण घेतला, पुन्हा घेतला. बाहेर शंभू अर्धपोटी रडत होता आणि सासूबाई दार वाजवत होत्या. बाहेर येऊन त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या पलंगावर बसल्या, मग एकदम उठून उभ्या राहिल्या, जणू पलंगही त्याचाच. पहिली गोष्ट त्या बोलल्या ती ही, "विश्वजीतला सांगू नकोस. तापट आहे. आणि आपल्याला इथंच राहायचंय." मी फोन उचलून विश्वजीतला लावला. त्यांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर काकांचा म्हणून वेगळा ठेवलेला चिनी मातीचा कप त्यांनी कचऱ्याच्या पिशवीत टाकला होता आणि पिशवीला गाठ मारत होत्या, एकावर एक तीन गाठी.

मी कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढायला गेले तेव्हा सीपीयूच्या डब्याच्या मागच्या बाजूला, धुळीत, एक काळा पेन ड्राइव्ह खोचलेला सापडला. आमचा नव्हता. त्याच्यावर चिकटलेली बडीशेप होती.

विश्वजीत त्या दिवशी सहालाच आला, मी फोनवर फक्त "ये" म्हटलं होतं. तापला वगैरे काही नाही. बूट न काढता खोलीत गेला आणि कॅमेरा उपटून काढला, मग हातात धरून उभा राहिला, कुठे ठेवावा कळेना. मला म्हणाला, "मी शनिवारी बघतो म्हणत राहिलो." मी त्याला धीर दिला नाही. त्या क्षणी मला तोही नकोसा वाटत होता, हे लिहून टाकते.

त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला बाहेरचा पेन ड्राइव्ह चालत नाही. म्हणून इंटरनेटची वायर काढून आमच्याच मशीनवर तो उघडला. आत तोच प्रोग्राम आणि एक यादी. पाच नावं, प्रत्येकापुढे मशीनचा क्रमांक, पासवर्ड आणि एक टीप. दूधवाला रतीब लिहितो ना, कुणाकडे कधी किती, तशा टिपा. माझ्यापुढे होतं, "निशा, दुपारी दीडनंतर, सासू झोपते." दुसऱ्या मजल्यावरच्या शेफालीपुढे, "सकाळी, नवरा गेल्यावर." आणखी दोघी सोसायटीतल्याच. पाचवी ओळ अशी, "आनंदी, स्वारगेट. एकटी असते. कधीही."

विश्वजीत म्हणाला, इंटरनेट लावू आणि तिच्या मशीनवर जाऊन पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहू, की कॅमेरा झाका, पोलिसांकडे जा. तो बरोबर बोलत होता. क्रमांक होता, पासवर्ड होता, एका मिनिटाचं काम. मी वायर हातात घेतली. मग मला दिसायला लागलं की काय होणार. ती खोली उघडणार. ती बाई तिथे काहीतरी करत असणार, केस विंचरत असेल, झोपली असेल, आणि आम्ही दोघं नवरा-बायको इथे बसून ते बघणार. चांगल्या हेतूने. मी वायर खाली ठेवली. म्हटलं, उद्या हे पोलिसांकडे देऊ, ते शोधतील. विश्वजीत दोनदा म्हणाला, "निशा, नीट विचार कर." मी नाही म्हटलं.

तेव्हा मला ते सभ्यपणाचं वाटलं. आता तसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत पेन ड्राइव्ह आणि तक्रार घेऊन सायबर विभागात गेला आणि मी शेफालीकडे गेले. लग्नाला वर्ष झालेली मुलगी, जिन्यात भेटली तर हसायची तेवढीच ओळख. तिने दार अर्धं उघडलं. मी सगळं एका दमात सांगितलं. तिचा चेहरा बदललाच नाही. मला आत नेलं आणि तिच्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर एक लाल टिकली चिकटवलेली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून. त्यांनी एकदा विचारलं, नवीन पडदे छान आहेत, कुठून घेतले. पडदे बेडरूमचे होते. आणि लॅपटॉप त्यांनी हॉलमध्येच बसून नीट केला होता."

मला राग आला. दोन महिने. त्या दोन महिन्यांतल्या ओळी मला पाठ झाल्या होत्या. मी म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? मला वाटलं, माझ्याच मनात घाण आहे." मग म्हणाली, "आणि तुम्ही काय म्हणाला असतात, खरं सांगा. एवढा देवमाणूस, असंच ना?"

मी काय म्हणाले असते ते मला चांगलं माहीत होतं. वेणूबाईंना म्हणालेच होते. घरी येऊन मी त्यांची माफी मागितली, तर त्या कणीक मळताना थांबल्याही नाहीत. फक्त सांगितलं, की त्या फरशी पुसायला वाकल्या की काका खुर्ची त्यांच्याकडे फिरवून बघत बसायचे. सुट्टीवरून भांडण वेणूबाईंनीच मुद्दाम उकरून काढलं होतं, काम सोडायला कारण हवं म्हणून. "खरं कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या घरची कामं गेली असती, ताई."

संध्याकाळी बेल वाजली. दारात श्रीधरकाका. इस्त्रीचा शर्ट, खिशात डबी. मला वाटलं होतं हा माणूस आता तोंड लपवून बसेल. त्याने नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काय सूनबाई, मशीन काल एकदम बंद पडलं का?"

मला दार लावून घ्यायचंही सुचेना. तोच पुढे म्हणाला, "तुम्ही नको त्या फाइल्स उघडता. अशाने सिस्टीम कायमची जाईल. बघू द्या मला. आणि माझा एक पेन ड्राइव्ह राहिलाय मागे."

माझ्या मागून सासूबाई आल्या. साडेचार फुटांच्या आहेत, माझ्या खांद्याखालून पुढे झाल्या. "आहे ना, भाऊ. पण त्यात फार घाण होती. म्हणून दुरुस्तीला दिलाय. पोलिसांकडे."

तो हसत होता, ते हसू तसंच तोंडावर राहिलं. माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघितलं. म्हणाला, "वहिनी, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी मुलीसारखं मानतो हिला."

"हो, लिहून ठेवलंय तुम्ही. दीडनंतर, सासू झोपते." सासूबाईंचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "आता झोपत नाही हं मी. या आता."

त्यांनी दार लावलं, कडी घातली आणि तिथेच दाराला टेकून खाली बसल्या. मी पाणी आणलं. म्हणाल्या, "बटण मीच बंद करत होते गं." मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. ते पूर्ण खरं नव्हतं आणि पूर्ण खोटंही नव्हतं.

आता काका सोसायटीत नाही. चौकशीला दोनदा बोलावलं, त्याचं मशीन नेलं, मग जामीन झाला आणि तो मुलाच्या ओळखीत कुठेतरी राहायला गेला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की वयस्कर माणसाला इतकं ताणायला नको होतं. त्याला सहा जणांनी अंगठे दिले. ती सहा नावं मी ओळखते, रोज लिफ्टमध्ये भेटतात. त्यांतलं कुणी शंभूच्या गालाला हात लावायला आलं की मी त्याला दुसऱ्या कडेवर घेते.

पोलिसांनी त्यातलं हवं ते उतरवून घेतल्यावर कॉम्प्युटर विश्वजीतने सगळा पुसून नव्याने बसवला. आता तो उत्तम चालतो. फाइल्स तपासायचा तो हुकूम मी दर रविवारी चालवते आणि दर वेळी येतं, काहीही खराब सापडलं नाही. त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मशीन हॉलमध्ये नेलंय, त्याच्यावर उशीचा अभ्रा टाकलाय, तरी दुपारी शंभूला घेऊन मी स्वयंपाकघरात, ओट्याखाली जमिनीवर बसून पाजते. पलंगावर बसवत नाही. सासूबाई माझ्यासमोर पाट घेऊन बसतात.

पण हे लिहितेय ते त्यासाठी नाही. यादीतल्या चौघी सापडल्या, कारण आम्ही एकमेकींच्या जिन्यात राहतो. पाचवी सापडली नाही. तपास करणाऱ्या बाई माझ्याशी नीट बोलल्या, पण म्हणाल्या की नुसत्या नावावरून आणि भागावरून वेळ लागतो, आणि त्या क्रमांकाचं मशीन आता चालू दिसत नाही. दिसलं असतं, त्या बुधवारी. माझ्या हातात वायर होती. आणि काका आता बाहेर आहे, पासवर्ड त्याला पाठ असणार, आणि तिचं घर त्याला माहीत आहे. मी दोन शनिवार शंभूला घेऊन स्वारगेटच्या मागच्या गल्ल्यांत फिरले. वाण्याला विचारलं, दवाखान्यात विचारलं, इथे आनंदी नावाच्या कुणी एकट्या राहतात का. लोक मलाच संशयाने बघतात. ती वीस वर्षांची आहे की सत्तर, तेही मला माहीत नाही.

तुमच्या ओळखीत, नात्यात, ऑफिसात, स्वारगेटच्या आसपास राहणारी कुणी आनंदी असेल, एकटी राहणारी, जिचा कॉम्प्युटर एक सभ्य, बडीशेप खाणारे गृहस्थ फुकट नीट करून देत असतील, तर फोनवर विचारू नका, फोनवर बाई "सगळं ठीक आहे" म्हणते. तिच्या घरी जा. आजच जा, आणि ती कशी आहे ते बघून या.